राजीनामा मंजूर, घरचे नामंजूर

मराठी मुलखात राजीनाम्याची परंपरा थोर आहे. लोकमान्य टिळकांनी 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, तेव्हा इतका सविस्तर आणि मुद्देसूद राजीनामा लिहिला, की आजच्या एचआरला तो वाचायला नोटीस पिरियड पुरला नसता. 1951 साली डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर कायदामंत्रिपद सोडलं. 1956 साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. पुढे मात्र राजीनाम्यांना खिशाची सवय लागली. मध्यंतरीच्या एका सरकारात तर काही मंत्री राजीनामे खिशात घेऊन फिरत असल्याचं सांगत होते. त्या काळात त्यांची जाकिटं धुवायला जात नव्हती की राजीनामे लॅमिनेट केलेले होते, हे शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

सामान्य माणसाचा राजीनामा खिशात नसतो, मेलच्या ड्राफ्टमध्ये असतो. माझ्या मेव्हण्याचा तिथेच होता. दर अप्रेझलनंतर तो उघडायचा, एखादा स्वल्पविराम हलवायचा आणि घराचा हप्ता आठवला की बंद करायचा. इतक्या वर्षांच्या संस्कारांनी तो मजकूर असा घोटीव झाला होता, की एखाद्या दिवाळी अंकाने मानधन देऊन छापला असता.

मेव्हणा हिंजवडीला आयटीत. पगार उत्तम, पद उत्तम, तब्येत सोडून सगळंच उत्तम. कंपनीचा नफा दर तिमाहीला वर जायचा आणि मेव्हणा एकनिष्ठ असल्यामुळे त्याचा रक्तदाब, साखर आणि वजन हेही बरोबरीने वर जायचे. सकाळी देवाचं नाव घ्यायच्या आधी पित्ताची गोळी. मग चिंचवडहून वाकडच्या पुलापर्यंत गाडी आणि तिथून पुढे गाडीत बसून नुसती वाट. रोज सकाळची स्टँडअप मीटिंग, जी उभं राहून करायची असते, ती त्याने वर्षानुवर्षं क्लचवर पाय ठेवून केली. रात्री साडेनऊला अमेरिकेचा दिवस उजाडायचा आणि ह्याचा मावळायचा राहून जायचा. मनगटावरच्या घड्याळाला ह्याची काळजी फार. ठोके वाढले की ते मीटिंगमध्येच थरथरून ‘दीर्घ श्वास घ्या’ असं सांगायचं. ह्याला वाटायचं क्लायंटचा मेसेज आला, आणि होता तोही श्वास अडकायचा.

कंपनीलाही काळजी होती. ‘ताणतणावाशी मैत्री’ या विषयावर सक्तीचं सत्र ठेवलं होतं, शनिवारी संध्याकाळी. न आलेल्यांना सोमवारी मेल गेला, मॅनेजरला सीसी ठेवून.

2023 साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायचा सल्ला दिला, तेव्हा मेव्हणा गांभीर्याने म्हणाला, “म्हणजे कमी करायला सांगतायत का?” 2025 च्या जानेवारीत एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं गाजलं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही ते म्हणाले होते. त्यावर मेव्हण्याची बायको म्हणाली, “एकदा बघू द्या की यांना. ओळख तरी पटेल.” जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून 2021 सालीच हिशोब मांडला होता. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने जाण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. मेव्हण्याने ही बातमी मन लावून वाचली. रात्री दीड वाजता, कॉल म्यूटवर टाकून.

शेवटी निकाल लागला तो हृदयरोगतज्ज्ञांकडे. ट्रेडमिलची चाचणी चालू होती, छातीला वायरी लावल्या होत्या, आणि त्याचा फोन वाजला. त्याने तो घेतला. घेतला म्हणजे काय, पट्ट्यावर चालता चालता “या आठवड्यात नक्की देतो” असं तीनदा म्हणाला. डॉक्टरांनी यंत्र बंद केलं आणि म्हणाले, “पुढच्या वेळी ट्रेडमिल लागणार नाही. नुसता फोन घेऊन या.”

त्या रात्री ड्राफ्ट गेला.

कंपनीने राजीनामा दोन दिवसांत मंजूर केला. मेव्हण्याला हे जरा लागलंच. माझ्याशिवाय प्रोजेक्टचं पान हलत नाही, असं तो आम्हाला लग्नाकार्यातून उठून जाताना सांगत आला होता. प्रोजेक्टचं पान हललं, झाड हललं, काही झालं नाही. नोटीसच्या 90 दिवसांत त्याच्याकडून सगळं शिकून घेतलेल्या मुलाने तर त्याच्याच हातचा एक जुना बगही काढून टाकला. शेवटच्या दिवशी एचआरच्या मुलीने विचारलं, “कंपनी अजून चांगली होण्यासाठी काय करता येईल?” तो पाऊण तास बोलला. तिने टाइप केलं, ‘वैयक्तिक कारण’.

कंपनीचं असं झटपट आटोपलं. घरच्यांनी मात्र राजीनामा मंजूर केला नाही, तो अजून प्रलंबित आहे. मराठी माणूस राजीनामा साहेबाकडे देतो ती फक्त प्रत असते. मूळ अर्ज आई, वडील, आत्या, काका, सोसायटीचे सेक्रेटरी आणि लग्नात भेटणारी अनोळखी माणसं यांच्याकडे टप्प्याटप्प्याने सादर करावा लागतो, आणि प्रत्येक टेबलावर शेरा पडतो.

मला तातडीने चिंचवडला बोलावण्यात आलं. “जावईबापू, तुमचं ऐकतो तो,” असा सासऱ्यांचा फोन. मेव्हणा माझं ऐकतो हा सासरवाडीतला जुना गैरसमज आहे आणि मी तो जपून ठेवला आहे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. राजीनामा हा प्रकार दोनच प्रसंगी शोभतो असं त्यांचं मत: लाच घेताना सापडल्यावर आणि निवडणुकीला उभं राहताना. “तू यातलं काय केलंस?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मामींचा प्रश्न आईचा होता: “तुला तिथे कोणी काही बोललं का?” बेचाळीस वर्षांच्या, बारा माणसं हाताखाली असलेल्या मुलाला. तो हो म्हणाला असता तर मामी दुसऱ्या दिवशी हिंजवडीला जाऊन त्या मुलांच्या आयांना भेटल्या असत्या.

“बरं, सोडलीस. मग लागलास कुठे?” मामा.

“कुठे नाही. पेटी दुरुस्तीचं काम करणार.”

घरात अशी शांतता पसरली की आत कुकरची शिट्टी झाली ती सगळ्यांना दुजोऱ्यासारखी वाटली.

तसं हे खूळ नवं नव्हतं. पुण्यातल्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्याकडे तो सवड काढून जायचा, हे आम्हाला माहीत होतं. पण काही लोक ट्रेकला जातात, काही सायकल घेऊन लोणावळ्याला मिसळ खायला जातात, त्यातलंच एक असं आम्ही धरून चाललो होतो. छंद ही पगारदार माणसाला शोभणारी गोष्ट आहे. पगार गेला की त्याच छंदाला लोक ‘नाद’ म्हणतात.

मामांची खरी अडचण पैशाची नव्हती. त्यांची अडचण सकाळच्या बागेतली होती. तिथे निवृत्त मंडळी मुलांच्या नावाने ओळखली जातात: सिंगापूरवाले, टाटा मोटर्सवाले, आणि मामा म्हणजे आयटीवाले. “उद्या मी काय सांगू? पेटीवाले?” मामींनी आणखी लांबचं पाहिलं. “पोरीचं लग्न ठरवताना वडील काय करतात म्हणून विचारलं तर?” पोरगी चौथीत आहे. ती त्या वेळी सोफ्याखाली खोडरबर शोधत होती.

मेव्हणा तयारीने आला होता. क्लायंटसमोर बोलायची सवय. त्याने एकेक दाखला काढायला सुरुवात केली. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, 1969 पासून पूर्णवेळ रंगभूमीवर. मामा म्हणाले, “त्यांचा घसा तरी दुसऱ्यांना उपयोगी पडला.” पंडित भातखंड्यांनी वकिली सोडली आणि देशभर हिंडून चिजा गोळा केल्या. मामा म्हणाले, “त्यांनी वकिली सोडली. तू अजून घरात करतोयस.” मग त्याने हुकमी पान टाकलं. दादासाहेब फाळके पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरीत होते. ती सोडली म्हणून तर 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला! मामा शांतपणे म्हणाले, “आणि त्या पायी बायकोचे दागिने गेले.” सुनेचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

पण बाजू सावरली ती सुनेनेच. ती राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने नवऱ्याकडे बघत तिने एक कागद पुढे ठेवला. तिचा पगार, घराचा हप्ता, शाळेची फी, दूध, पेट्रोल, सासूबाईंच्या गुडघ्याचे फिजिओ. खाली दोन रेघा मारून म्हणाली, “दोन वर्षं जमतंय. तिसऱ्या वर्षी जमलं नाही तर यांना पेटीसकट विकू.” आतल्या आवाजाच्या हाकेला ओ देऊन निघालेल्या पुरुषांची चरित्रं आपण वाचतो, त्यात एक पान नेहमी गळालेलं असतं. त्या पानावर बायकोची पगाराची स्लिप असते. ती नसलेल्या घरात आतला आवाज म्यूटवरच ठेवावा लागतो, आणि तसं ठेवणाऱ्यांना भित्रं म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

पुढचे दोन महिने कागदांत गेले. ग्रॅच्युइटीचा कायदा तेव्हा 1972 चा होता. निदान 5 वर्षं सलग नोकरी हवी, मग झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार, आणि तो काढताना महिना 26 दिवसांचा धरायचा. हे वाचून मेव्हणा खुर्चीतून उठला. “दाजी, म्हणजे रविवारची सुट्टी कायद्यात होती!” पीएफचा अर्ज परत आला, कारण आधारवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगचं आणि पीएफमध्ये दुसऱ्या. मामांना यात कमालीचं समाधान मिळालं. “बघ, सरकारी खात्याला तुझा बाप कोण हे नक्की कळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत,” असं ते अभिमानाने म्हणाले.

खरी गंमत विम्यात झाली. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपला. नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर आजार लिहायचे होते. ह्याने प्रामाणिकपणे रक्तदाब लिहिला. एजंट म्हणाला, हा तर आधीपासूनचा आजार, नियमाप्रमाणे त्यासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे आजार कंपनीने दिला, विमा कंपनीने काढून घेतला, आणि आता तीन वर्षं दम धरायचा, तोही रक्तदाब वाढू न देता. मेव्हण्याने फॉर्मवर सही केली तेव्हा घड्याळ थरथरलं. ‘दीर्घ श्वास घ्या.’ त्या वेळी त्याने पहिल्यांदा ऐकलं.

आता पेटीविषयी. नोकरी गमावण्याच्या बाबतीत मेव्हण्याने निवडलेलं वाद्य त्याच्यापेक्षा अनुभवी आहे. परदेशातून आलेली, आपल्या मींडेला आणि श्रुतींना न्याय न देणारी, असा ठपका ठेवून ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला नोकरीवरून काढलं आणि थेट 1971 साली परत घेतलं. एकतीस वर्षं बेंचवर. त्या काळात ती खचली नाही. भजनी मंडळात गेली, कीर्तनात गेली, नाटकाच्या पिटात बसली, शाळेत प्रार्थनेला उभी राहिली, बारशापासून तेराव्यापर्यंत मिळेल ते काम केलं. रेडिओने परत बोलावलं तेव्हा तिच्याकडे वेळ होता की नाही, कोण जाणे.

चिंचवडगावात एक छोटा गाळा भाड्याने मिळाला. मी मुद्दाम एका दुपारी गेलो, मामांनी पाठवलेला हेर म्हणून. मेव्हणा खाली मांडी घालून बसला होता. समोर पोट उघडलेली पेटी. आत पितळी सूर ओळीने लावलेले, प्रत्येक सूर म्हणजे पट्टीवर एका टोकाला खिळलेली पितळेची एक बारीक जीभ. एक सूर उतरला होता. त्याने त्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवला, कानशीने टोकाकडे दोनदा, अगदी ओझरतं घासलं, फुंकर मारून भुकटी उडवली, पट्टी दाबून भाता हलवला आणि कान लावला. टोकाला घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि हात जरा जड पडला की पितळ परत येत नाही. चढवलेला स्वर त्याने वरच्या सप्तकातल्या जोडीदाराबरोबर वाजवला. दोघे एकमेकांवर घासून थरथरत होते, एक संथ लाट येत होती. पुन्हा घासलं. लाट लांबली. पुन्हा. मग ती नाहीशीच झाली आणि दोन स्वरांचा एकच झाला.

मी विचारलं, “झालं?”

“झालं.”

मी या माणसाला पंधरा-सतरा वर्षं ओळखतो. ‘झालं’ हा शब्द त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याआधी सगळं ‘ऐंशी टक्के झालंय’ असायचं.

म्हणून पेटी दुरुस्ती म्हणजे स्वर्गसुख, असं कोणी समजू नये. गिऱ्हाईक इथेही आहेच. एका भजनी मंडळाचे खजिनदार रात्री नऊला पेटी घेऊन आले. काळी पाचमध्ये गाणारी मंडळी, पेटीचा निम्मा दम गेलेला. “उद्या सकाळी पाहिजे. एकादशी आहे.” क्लायंटला निदान सांगता यायचं की रिलीज पुढच्या आठवड्यात करू. एकादशी पुढे ढकलता येत नाही. रात्री एकपर्यंत बसून भात्याच्या चिरा चिकटवल्या, तर सकाळी खजिनदार म्हणाले, “देवाचं काम आहे, पैसे कसले घेता?” शिवाय, “आलोच आहे तर तबल्याची शाईही बघून ठेवा.” कामाची व्याप्ती न सांगता वाढवायची कला अमेरिकेतून आली असं आयटीवाले मानतात. ती इथूनच गेली.

एका घरंदाज पेटीतून झुरळांचं अख्खं एकत्र कुटुंब निघालं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना धरून बसतात आणि एक दाबली की तीन बोलतात. जुन्या टीममध्येही असंच व्हायचं, फक्त उलट, तिघांना दाबलं तरी एक बोलायचा नाही. मिळकत जुन्या पगाराच्या आसपासही नाही. बसून बसून पाठ धरते. पितळेच्या भुकटीने शिंका येतात. पण पित्ताची गोळी सुटली, डॉक्टरांनी रक्तदाबाची अर्धी केली, आणि रात्री साडेनऊला तो घोरतो. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे पांढरी चारमध्ये.

आता मामा. सहा महिने ते गाळ्याकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस स्वतःच रंगाऱ्याला घेऊन गेले आणि पाटी लिहून घेतली. वर ‘येथे हार्मोनियम दुरुस्त करून मिळेल’ आणि खाली, वरच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत, ‘प्रो. प्रा. बी. ई. (कॉम्प्युटर), माजी सीनियर मॅनेजर, आयटी’. बागेतला प्रश्न त्यांनी असा पाटीवर सोडवला. परिणाम आठवड्याभरात दिसला. गिऱ्हाइकं दारापर्यंत येत, पाटी वाचत आणि पुढे जात. शेवटी एक कीर्तनकार बुवा स्पष्टच बोलले: “इंजिनिअर म्हणजे पैसे जास्त लावणार. आणि एवढी मोठी नोकरी गेलेला माणूस, त्याचं लक्ष कामात असेल का?” मामा तिथेच बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच रंगाऱ्याला बोलावून खालची ओळ पुसून घेतली. मजुरीही स्वतः दिली.

पुसून झाल्यावर ते घरी परतले नाहीत, आणि तिथेच मेव्हण्याचं नशीब फिरलं. आता गाळ्यात दाराशी एक टेबल आहे. त्यावर आवक-जावक रजिस्टर. प्रत्येक पेटीला नंबर, प्रत्येक नंबराला फाईल, फाईलवर टिप्पणी: ‘सदर पेटीचा मध्यम सूर बसत नसल्याचे अर्जदाराने निदर्शनास आणले आहे. उचित कार्यवाहीस्तव सादर.’ फोन मामा घेतात, उधारी मामा वसूल करतात, देवाचं काम म्हणणाऱ्यांना देवाच्या नावाने पावती फाडून देतात. हजेरीचं मस्टर आहे. दहा वाजून दहा मिनिटांनी मेव्हण्याच्या नावापुढे लाल शाईने उशिराची खूण होते, तीन खुणांची एक किरकोळ रजा जाते. परवा त्याने पोरीच्या गॅदरिंगसाठी लवकर जाऊ का म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, “अर्ज टाक, बघतो.”

बागेत मामा आता ‘आमचं वर्कशॉप’ म्हणून सांगतात. मेव्हण्याची तब्येत सुधारते आहे, मन रमलं आहे, काम हातात मावत नाही. फक्त या नोकरीत राजीनामा द्यायची सोय नाही.